तीन वर्षांचा अभ्यासक्रम तीन मिनिटांत

काही वर्षांपूर्वी राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त झालेल्या एका आंतरशालेय स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला. अंतिम फेरीत आम्ही एक साधा प्रश्न विचारला: रामन परिणाम म्हणजे काय? घंटी पहिल्यांदा दाबणाऱ्या मुलाने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, '२८ फेब्रुवारी १९२८'. सभागृहात टाळ्या पडल्या. गुण लिहिणाऱ्या बाईंनी फळ्यावर दहा गुण मांडलेसुद्धा. आम्ही 'काय' विचारले होते, 'केव्हा' नव्हे, हे सांगण्यासाठी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि एकदम जाणवले, की हा प्रसंग आपण यापूर्वी कुठेतरी पाहिला आहे. तपशील वेगळे, माणसे वेगळी. पण प्रसंग हाच.

तो पाहिला होता 'द प्रिझनर' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेत. तिथे प्रश्न होता, एड्रियानोपलचा तह काय होता? उत्तर देणारा माणूस ताडकन म्हणतो, सप्टेंबर १८२९. विचारणारा हसून त्याची चूक दाखवतो, की मी 'काय' विचारले, 'केव्हा' नाही. उत्तर देणाऱ्याने युरोपचा इतिहास कधी वाचलेला नसतो. थोड्या वेळापूर्वी त्याने फक्त तीन मिनिटे दूरचित्रवाणीच्या पडद्याकडे पाहिलेले असते.

सप्टेंबर १९६७ मध्ये सुरू झालेली आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये संपलेली ही मालिका अवघ्या १७ भागांची. प्रत्येक भाग सुमारे पन्नास मिनिटांचा. पॅट्रिक मॅकगूहन हा तिचा नायक, काही भागांचा लेखक व दिग्दर्शक आणि खऱ्या अर्थाने कर्ताकरविता. २००९ साली तो वारला. मालिका मात्र अजून जिवंत आहे, तिचे भक्त आहेत, तिच्यावर पुस्तके निघतात. भक्तांची भाषा बाजूला ठेवून, विज्ञान शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने तिच्यात पाहण्यासारखे काय आहे एवढेच आम्हाला इथे सांगायचे आहे. आमच्या मते पुष्कळ आहे. आणि त्यातले काही तर तिच्या चुकांमध्ये आहे.

कथा अशी. एक गुप्तहेर अधिकारी तडकाफडकी राजीनामा देतो. घरी येऊन सामान भरत असताना कुलपाच्या भोकातून विषारी वायू आत येतो आणि तो बेशुद्ध पडतो. जाग येते ती त्याच खोलीत. तोच पलंग, तेच सामान. खिडकीचा पडदा सारतो तर बाहेर लंडन नाही. रंगीत घुमट, कारंजी, फुलांचे ताटवे, समुद्र आणि डोंगर असलेले एक सुंदर गाव आहे. इथे कोणाला नाव नाही. प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला, बिल्ल्यावर पुढचे चाक अवाढव्य आणि मागचे चिमुकले अशी जुनी सायकल, आणि तिच्यावर क्रमांक. आपला नायक म्हणजे 'क्रमांक सहा'. कारभार पाहणारा 'क्रमांक दोन' बहुतेक प्रत्येक भागात बदलतो. 'क्रमांक एक' कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही. गावकरी हसतमुख आहेत, बँड वाजतो, ध्वनिक्षेपकावरून शुभ सकाळ घातली जाते. पळून जाऊ पाहणाऱ्याच्या मागे एक मोठा पांढरा फुगा घरंगळत येतो आणि त्याचा श्वास कोंडतो. (हा फुगा म्हणजे हवामान निरीक्षणासाठी सोडतात तोच. पहारेकरी म्हणून आधी एक चाकांचे यंत्र बनवले होते, ते चालेना, म्हणून फुगा आणला. एका नापास यंत्रामुळे दूरचित्रवाणीच्या इतिहासातली एक अत्यंत भीतिदायक वस्तू जन्माला आली.)

हे गाव खरोखरच आहे. वेल्सच्या किनाऱ्यावरचे पोर्टमेरियन. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुविशारदाने १९२५ ते १९७५ या काळात ते हौसेने उभारले. मालिका सुरू असताना चित्रीकरणाची जागा जाहीर केली नव्हती. शेवटच्या भागाच्या श्रेयनामावलीत प्रथमच तिचे नाव आले.

आता मुद्द्याचे. पहिल्याच भागात क्रमांक दोन नायकाला त्याची फाईल दाखवतो. बालपणापासूनची छायाचित्रे, सवयी, आवडीनिवडी, सर्व काही त्यात आहे. फक्त जन्माची वेळ नोंदायची राहून गेली आहे, म्हणून तो विचारतो. नायक तुच्छतेने सांगून टाकतो: पहाटे ४ वाजून ३१ मिनिटे, १९ मार्च १९२८. (ही मॅकगूहनची स्वतःची जन्मतारीख. रामन परिणामाच्या त्या २८ फेब्रुवारीनंतर बरोबर वीस दिवसांनी. योगायोग, दुसरे काही नाही.) म्हणजे 'काय', 'कुठे', 'केव्हा' यांचे सर्व रकाने भरले. एकच रकाना रिकामा राहतो: राजीनामा का दिला? सतरा भागांत औषधे, संमोहन, स्वप्नांत शिरणे, खोटी निवडणूक, हुबेहूब दिसणारा तोतया, असे काय काय केले जाते ते सगळे या एका 'का'साठी. ही मालिका हेरगिरीची म्हणून विकली गेली. आम्हाला ती माहिती आणि कारण यांतल्या फरकाची मालिका वाटते.

हा फरक सर्वांत उघडपणे येतो तो 'द जनरल' या भागात, आणि वर सांगितलेला प्रसंग त्यातलाच. गावात 'स्पीड लर्न' नावाची शिक्षणपद्धती आली आहे. भिंतीभिंतींवर जाहिराती: विद्यापीठाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम तीन मिनिटांत. सर्व गावकरी ठरल्या वेळी घरातल्या पडद्यासमोर बसतात. एक प्राध्यापक दोन शब्द बोलतो, मग पडद्यावर प्रकाश चमकतो, आणि संपला तास. बाहेर पडल्यावर जो तो नेपोलियननंतरच्या युरोपविषयी एकमेकांना प्रश्न विचारतो आहे. सगळ्यांना सगळे येते. सणासारखा आनंद आहे. आणि सगळ्यांची उत्तरे एकाच शब्दरचनेत आहेत, स्वल्पविरामासह.

नायकालाही उत्तरे येतात, आणि तो दचकतो तो यामुळेच. आपल्या तोंडून जे बाहेर पडते आहे ते आपण कधी विचारात घेतलेले नाही, तपासलेले नाही, मग ते आपले कसे? भागाच्या सुरुवातीला तो प्राध्यापक पळून जाताना दिसतो आणि गावकरी त्याला पकडायला धावतात. नायकाला समुद्रकिनारी वाळूत लपवलेला टेपरेकॉर्डर सापडतो. त्यात प्राध्यापकानेच सांगून ठेवले आहे, की स्पीड लर्न ही गुलामगिरी आहे आणि सुटका हवी असेल तर जनरलला नष्ट करा. जनरल म्हणजे कोणी सेनापती असावा असे नायकाला आणि आपल्याला बराच वेळ वाटत राहते. अखेरीस कळते की तो एक संगणक आहे.

या भागातले एक दृश्य आम्हाला फार आवडते, आणि त्याची चर्चा फारशी होताना दिसत नाही. प्राध्यापकाची पत्नी बागेत कलेचे वर्ग चालवते. तिथे सर्वांना संपूर्ण मोकळीक आहे. एकजण डोक्यावर उभा आहे. त्याला म्हणे नवा दृष्टिकोन मिळवायचा आहे. दुसरा एक पुस्तक टराटरा फाडतो आहे. नायक विचारतो तेव्हा बाई शांतपणे सांगतात की तो नवी संकल्पना निर्माण करतो आहे, विध्वंसातूनच रचना उगवते. म्हणजे घोकंपट्टीचा कारखाना एका बाजूला आणि नुसत्या 'कृती'चा तमाशा दुसऱ्या बाजूला. आणि दोन्ही एकाच तुरुंगाच्या आवारात, एकाच घरातून चालवलेले! घोकंपट्टीवर टीका करणारे पुष्कळ असतात. पण कृतीच्या नावाखाली मुलांना कागद कापायला बसवून तासभर विचाराला सुट्टी देणारा वर्ग आपण पाहिला नाही असे कोण म्हणेल? लेखक लुईस ग्राइफर यांनी (हा भाग त्यांनी टोपणनावाने लिहिला) दोघांनाही सोडलेले नाही.

आता विज्ञान म्हणून हे कितपत टिकते ते पाहू. पडद्यावरचा प्रकाश थेट मेंदूच्या बाह्यकावर ज्ञान छापतो, ही कल्पना त्या काळच्या दोन अफवांची मिसळ आहे. पहिली, झोपेत शिकण्याची. उशीखाली ध्वनिक्षेपक ठेवून परभाषा शिकवणारी यंत्रे त्या काळात विकली जात होती. पण चार्ल्स सायमन आणि विल्यम एमन्स यांनी १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झोपलेल्या माणसांना रात्रभर ठराविक अंतराने प्रश्नोत्तरे ऐकवली आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींची नोंद ठेवली. जे काही सकाळी आठवले ते लहरींनुसार माणूस जागा किंवा पेंगुळलेला असतानाचे होते. खऱ्या झोपेत ऐकवलेले जवळजवळ काहीच शिल्लक राहिले नाही. दुसरी अफवा नकळत दिसणाऱ्या संदेशांची. जेम्स व्हिकरी या अमेरिकन जाहिरात संशोधकाने १९५७ साली दावा केला, की चित्रपट चालू असताना पडद्यावर क्षणार्धासाठी सूचना झळकावल्या आणि शीतपेयाचा व पॉपकॉर्नचा खप वाढला. जगभर खळबळ उडाली. १९६२ साली त्यानेच कबूल केले, की तो सारा धंदा वाढवण्यासाठी केलेला बनाव होता. मालिका आली १९६७ मध्ये. तोपर्यंत दोन्हींतली हवा गेली होती, पण भीती गेली नव्हती. भीती वैज्ञानिक पुराव्याच्या वेगाने कमी होत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

म्हणजे तीन मिनिटांत ज्ञान ओतणे अशक्य आहे. मग भागच निरर्थक ठरतो का? आम्हाला तसे वाटत नाही. कारण स्पीड लर्नचा परिणाम घडवायला प्रकाशकिरण लागतच नाही. आमच्या त्या स्पर्धेतल्या मुलाने तो प्रश्नसंच, पिवळा ठळक करणारा पेन आणि आठ दिवस एवढ्यावर साध्य केला होता. यंत्र काल्पनिक आहे, उत्पादन अगदी खरे.

खरी अडचण शेवटाची आहे. नायक पकडला जातो. त्याला साथ कोणी दिली हे शोधण्यासाठी क्रमांक दोन जनरललाच विचारायचे ठरवतो. या यंत्राला कोणताही प्रश्न घाला, उत्तर येते, अशी त्याची बढाई. नायक म्हणतो, एक प्रश्न असा आहे की याला उत्तर देता येणार नाही. तो काही अक्षरे टंकतो. यंत्र थरथरते, धूर निघतो, ठिणग्या उडतात. प्राध्यापक यंत्राकडे धावतो आणि विजेच्या धक्क्याने मरतो. त्याला ओढायला गेलेला क्रमांक बारा, म्हणजे नायकाचा गुप्त साथीदार, तोही मरतो. काय विचारलेस, असे क्रमांक दोन हतबुद्ध होऊन विचारतो. प्रश्न एकाच शब्दाचा होता: का?

टाळी घेणारा शेवट आहे, आणि आम्ही पहिल्यांदा पाहताना टाळी दिलीही. पण थोडा विचार करता तो लबाड वाटतो. न सुटणाऱ्या प्रश्नाने संगणक जळत नाही. ॲलन ट्युरिंगने १९३६ सालीच दाखवले होते, की कोणतीही आज्ञावली कधीतरी थांबेल की नाही हे सर्व बाबतींत सांगू शकणारी एकच पद्धत असू शकत नाही. म्हणजे यंत्राच्या आवाक्याबाहेरचे प्रश्न आहेत हे खरेच. पण अशा प्रश्नात अडकलेले यंत्र ठिणग्या उडवत नाही. ते निमूटपणे फिरत राहते आणि विजेचे बिल वाढवते. आणि नुसता 'का' हा तर तसा प्रश्नसुद्धा नाही. १९६७ चा खरा संगणक त्यावर 'आज्ञा समजली नाही' अशा अर्थाची एक ओळ छापून मोकळा झाला असता.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे, मालिकेच्या एकच वर्ष आधी, १९६६ साली, एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउमने 'एलायझा' या आज्ञावलीचे वर्णन प्रसिद्ध केले होते. टंकून लिहिलेल्या वाक्यांना ती मानसोपचारतज्ज्ञाच्या थाटात उत्तरे देई. तिला 'का?' विचारले तर तिच्यापाशी एक ठरलेले उत्तर होते: तुम्ही असे का विचारता? समजत काहीच नव्हते, पण अडत मात्र नव्हते. माणसे तिच्याशी मन मोकळे करू लागली तेव्हा वायझेनबाउम स्वतःच अस्वस्थ झाला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून तर जनरलची ती बढाई आपल्या खिशात आली आहे. आजच्या यंत्राला 'का' विचारा. आकाश निळे का, पासून राजीनामा का देतात, पर्यंत कशालाही ते सुबक परिच्छेदांत उत्तर देते. कधी बरोबर, कधी साफ चूक, पण दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने. धूर कुठेच नाही. तेव्हा 'का' हा शब्द म्हणजे माणसाच्या हातातले ब्रह्मास्त्र आहे आणि यंत्र त्यापुढे कोसळेल, ही १९६७ ची समजूत आज सोडून द्यावी लागते. मग त्या भागात उरते काय? उरते ते उत्तर देणाऱ्याचे नव्हे, विचारणाऱ्याचे प्रकरण. साऱ्या गावाने व्याख्यान ऐकले. 'का' एकालाच सुचला. जनरलने उत्तर दिले असते, अगदी उत्तम दिले असते, तरी बाकीच्या गावाची स्थिती काय बदलली असती? त्यांनी तेही पाठ केले असते. लेखकाने यंत्र जाळून हा अवघड प्रश्न टाळला आहे. आमची या भागाविषयी खरी तक्रार हीच.

मालिकेतले आणखी तीन भाग विज्ञानाच्या शिक्षकाने पाहावेत असे आहेत. त्यांतला 'चेकमेट' आम्ही सर्वांत वर ठेवू. गावात कैदी कोण आणि पहारेकरी कोण हे कळत नाही; सगळे सारखेच कपडे घालतात, सारखेच हसतात. हिरवळीवर जिवंत माणसांच्या सोंगट्या करून बुद्धिबळ चालते. तिथे एक अनुभवी खेळाडू नायकाला सांगतो, की माणूस वागण्यावरून ओळखायचा. नायक गृहीतक मांडतो: अधिकारवाणीने बोलले की कैदी दबतो, पहारेकरी दबत नाही. तो एकेकाला दरडावून पाहतो, दबणाऱ्यांना निवडतो, आणि त्यांच्या साथीने सुटकेचा बेत रचतो. चाचणी सोपी, परिणाम स्पष्ट. बेत फसतो. का फसतो? त्याच्या साथीदाराने तीच चाचणी त्याच्यावर लावलेली असते. हा माणूस अधिकारवाणीने बोलतो, दबत नाही, म्हणजे हा पहारेकरीच! प्रयोग करणारा स्वतः प्रयोगाच्या बाहेर नसतो, ही गोष्ट आम्ही पदव्युत्तर वर्गांना वर्षानुवर्षे समजावतो आहोत. इतके चपखल उदाहरण आम्हाला अजून सुचलेले नाही. याच भागात तहानलेल्या माणसाला विजेचे धक्के देत पाण्याच्या यंत्रांपुढे आज्ञाधारक बनवण्याचा प्रकार आहे; पावलॉव्हचे नाव माहीत असलेल्या विद्यार्थ्यांना तो कळेल, पण तो जरा ढोबळ आहे.

'हॅमर इन्टू ॲन्व्हिल' मध्ये नायक एका क्रूर आणि संशयी क्रमांक दोनचा सूड घेतो, आणि तो घेतो निव्वळ काहीही न करून. दुकानात जाऊन बिझेच्या एकाच संगीतरचनेच्या सहा तबकड्या ऐकतो आणि घड्याळ पाहतो. किनाऱ्यावरच्या दगडी नावेत कोरे कागद लपवतो. क्रमांक दोन ते कागद प्रयोगशाळेत पाठवतो. तंत्रज्ञ सर्व परीक्षा करून सांगतो, की हे कोरे कागद आहेत. आता त्या तंत्रज्ञावरच संशय! हाही कटात सामील असला पाहिजे. पुरावा मिळाला तर कट सिद्ध. नाही मिळाला तर कट फार खोल आहे हे सिद्ध. जो सिद्धान्त कोणत्याही निरीक्षणाने खोटा ठरू शकत नाही त्याचे काय होते, हे कार्ल पॉपरचे पुस्तक न उघडता इथे दिसते. शेवटी क्रमांक दोन स्वतःच्याच विरुद्ध तक्रार नोंदवतो. गाव त्याच्यापुरते कोसळलेले असते, आणि कोसळवणाऱ्याने कोऱ्या कागदांखेरीज काही वापरलेले नसते.

तिसरा, 'द चाइम्स ऑफ बिग बेन', भूगोलाच्या शिक्षकांसाठी. नायकाला सांगितले जाते की गाव लिथुएनियात, पोलंडच्या सीमेजवळ आहे. तो एका स्त्रीबरोबर पळतो, पोलंडच्या किनाऱ्यावरच्या माणसाचे घड्याळ मागून घेतो, आणि लाकडी खोक्यात बंद होऊन लंडनला आपल्या जुन्या कचेरीत पोहोचतो. जुने वरिष्ठ समोर बसतात आणि विचारतात, राजीनामा का दिलास? तो सांगायला सुरुवात करतो. तेवढ्यात बाहेर बिग बेन आठाचे ठोके देते. तो घड्याळ पाहतो. आठच वाजलेले आहेत. घड्याळ पोलंडचे, ठोके लंडनचे. दोहोंत एका तासाचे अंतर हवे. तो उठतो, शोधतो, ठोक्यांची ध्वनिफीत सापडते. कचेरी गावातच आहे. 'का'चे उत्तर ओठांवर आलेले असताना एका 'केव्हा'ने त्याला वाचवले. तारखा आणि वेळा यांना आम्ही वर बरेच हिणवले, त्याची ही भरपाई समजावी. कोरडी माहिती निरुपयोगी नसते. ती कशाशी ताडून पाहायची हे ठाऊक असावे लागते.

या भागाला एक गमतीदार शेपूट आहे. मालिका ब्रिटनमध्ये २ फेब्रुवारी १९६८ च्या सुमारास संपली, आणि १८ फेब्रुवारी १९६८ ला ब्रिटनने आपली घड्याळे एक तास पुढे केली ती ३१ ऑक्टोबर १९७१ पर्यंत मागे घेतलीच नाहीत. म्हणजे त्या काळात ऐन हिवाळ्यातही लंडन आणि वॉर्सा यांची घड्याळे जुळलेली असत. नायक वर्षभर उशिरा पळाला असता तर त्याला काहीच कळले नसते! उपग्रह नसलेल्या, भ्रमणध्वनी नसलेल्या माणसाने आपले रेखांश कसे ओळखावे, यावर एक तासिका यातून सहज निघते.

सर्वच भाग असे नाहीत. मॅकगूहन दुसऱ्या एका चित्रपटासाठी गेलेला असताना त्याचे मन यंत्राने दुसऱ्या माणसाच्या शरीरात घातल्याचे दाखवून एक भाग उरकला आहे. तो पाहिला नाही तरी चालेल. स्त्रिया बहुतेक भागांत एक तर फसवतात किंवा रडतात. आणि शेवटचा भाग! त्यात न्यायालय आहे, नाच आहे, अग्निबाण आहे, आणि क्रमांक एकचा मुखवटा काढला की आत माकडाचा मुखवटा, तो काढला की नायकाचाच चेहरा. १९६८ चे प्रेक्षक संतापले. आम्हीही पहिल्यांदा वैतागलो होतो. आता वाटते, सोळा भाग एकाच 'का'ची वाट पाहायला लावून सतराव्यात ते कारण एका वाक्यात सांगून टाकले असते, तर आपण ते ऐकले असते, वहीत लिहिले असते, आणि मालिका विसरलो असतो. राजीनामा का दिला, हे मालिका अखेरपर्यंत सांगत नाही.

'द जनरल' आम्ही एका उन्हाळी विज्ञान शिबिरात अकरावी-बारावीच्या मुलामुलींना दाखवला. इंग्रजी उच्चार त्यांना जड गेले, म्हणून मधून मधून थांबवून मराठीत सांगावे लागले. डोक्यावर उभ्या माणसाला खूप हशा मिळाला. एड्रियानोपलच्या प्रसंगाला मात्र कोणी हसले नाही. यंत्र जळाल्यावर अपेक्षेप्रमाणे टाळ्या पडल्या. आम्ही ट्युरिंग, एलायझा वगैरे जे वर लिहिले आहे ते सर्व सांगायला सज्ज होऊन उभे राहिलो, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिचा प्रश्न होता, "सर, प्राध्यापक तर रोज त्याच यंत्रावर टाइप करत होते ना? नष्ट करा असं टेपमध्ये तेच सांगतात. मग तो प्रश्न त्यांनी स्वतः का नाही विचारला? आणि ते जळायला लागल्यावर वाचवायला का धावले?"

आम्ही खडू खाली ठेवला. त्या दुपारी ट्युरिंग राहूनच गेला.